खोडदची शांतता कोणी राखावी?

खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे नाव एके काळी केवळ शास्त्रज्ञांच्या वर्तुळातच ऐकू येत असे. अलीकडे ते आठवड्याच्या बाजारात, एस्टीच्या थांब्यावर आणि ग्रामसभेतही निघू लागले आहे; आणि ते दर वेळी कौतुकानेच निघते असे म्हणवत नाही. पुण्याहून नाशिकास जावयाच्या वेगवान रेल्वेचा मार्ग नारायणगावावरून आखण्यात आला होता. तो दुर्बिणीच्या कामास बाधक होईल असा शास्त्रज्ञांचा आक्षेप आला, रेल्वे खात्याने त्या आक्षेपास मान देऊन दुसऱ्या वाटेचा विचार चालविला, आणि त्या बाजूच्या लोकांस आपल्या दारातून जाणारी गाडी कोणी हिरावून नेली असे वाटू लागले. दुर्बीण मोठी की गाडी मोठी, असा रोखठोक सवाल आता केला जातो.

आमच्या शाळेत शेतकऱ्यांची मुले पुष्कळ आहेत आणि विज्ञानाची गोडी असलेली मुलेही थोडी नाहीत. म्हणून ह्या सवालाकडे काणाडोळा करणे आम्हांस शोभणार नाही. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. खोडदच्या परिसरातील शांतता ही साऱ्या राष्ट्राची ठेव आहे, आणि म्हणून तिचा खर्चही साऱ्या राष्ट्राने सोसला पाहिजे. तो जुन्नरच्या शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे होय. आणि त्या शेतकऱ्यास निर्बंध घालून दुर्बिणीच्या डोक्यावरून रात्रंदिवस फिरणाऱ्या उपग्रहांस मोकळे सोडणे हा तर त्याहून मोठा अन्याय होय. असे आम्ही का म्हणतो हे समजण्यास ही शांतता कसली आहे ते आधी नीट पाहिले पाहिजे, कारण ह्या वादात बोलणाऱ्या पुष्कळांस तेच ठाऊक नसते.

बैलगाडीचा खडखडाट, देवळातील घंटा किंवा मधल्या सुट्टीतील मुलांचा गलबला ह्यांचे दुर्बिणीला काहीच नाही. तिला ऐकू येतात त्या रेडिओलहरी. म्हणजे प्रकाशाचीच भावंडे, फक्त लांबीने मोठी. ह्या लहरी आकाशातून येतात हे मनुष्यास कळले तेही मोठ्या मौजेने कळले. अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनियर होता. समुद्रापलीकडे बिनतारी बोलणे चालू असता मध्येच खरखर ऐकू येते ती कोठून येते, एवढेच शोधण्याचे काम त्यास दिलेले होते. त्याने चाकांवर फिरणारी एक लांबलचक अँटेना बांधली आणि महिनोन् महिने कान देऊन खरखरीचे वर्गीकरण केले. जवळच्या वादळांची एक, दूरच्या वादळांची दुसरी, आणि तिसरी एक मंद, अखंड सळसळ, जी दररोज चार मिनिटे आधी येई. तारे दररोज चार मिनिटे आधी उगवतात हे आमच्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. ही तिसरी सळसळ आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येत होती. १९३३ साली हे जाहीर झाले. एका टेलिफोन कंपनीच्या तक्रारीतून एका नव्या शास्त्राचा जन्म झाला, ही गोष्ट ज्यांना दुर्बीण आणि दळणवळण ही दोन परस्परांची वैरी वाटतात त्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

ह्या आकाशस्थ लहरी किती क्षीण असतात ह्याची कल्पना सामान्य मापांनी येत नाही. त्या मोजण्याचे एककच जान्स्कीच्या नावाने वेगळे करावे लागले. एका वॅटचे दहाने सव्वीस वेळा भाग करून उरणारा अंश, एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झच्या पट्ट्यात, असे ते एकक होय. कोणी साधा मोबाइल फोन चंद्रावर नेऊन चालू केला, तर रेडिओ दुर्बिणीस तो आकाशातील अत्यंत तेजस्वी वस्तूंपैकी एक म्हणून दिसेल. मग तोच फोन दुर्बिणीपासून हाकेच्या अंतरावर कोणाच्या खिशात असला म्हणजे काय होत असेल? पवित्र शास्त्रातील एलिया संदेष्ट्याची कथा आमच्या विद्यार्थ्यांनी उपासनेच्या वेळी ऐकलेली आहे. झंझावात आला, भूकंप झाला, अग्नी पेटला, पण परमेश्वर त्यांत नव्हता. शेवटी एक अगदी मंद वाणी आली. ती मंद वाणी ऐकण्यास झंझावात थांबावा लागला, हे आम्ही येथे केवळ दृष्टान्तादाखल सांगतो.

असे ऐकणारे यंत्र खोडदास कसे आले? त्याचे श्रेय प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) ह्यांचे. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ ह्या शास्त्रसंस्थेने जुन्या झालेल्या सहा-सहा फुटी बत्तीस तबकड्या भारतास भेट दिल्या होत्या. त्या त्यांनी १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे उभारून पहिली दुर्बीण केली. १९७० साली उटकमंडच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुसरी झाली. तो उतार मुद्दाम असा निवडला की दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर व्हावा, म्हणजे एकाच अक्षाभोवती वळवून ताऱ्याचा पाठलाग करता यावा. तिसरी ही खोडदची. हिच्यात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा तबकड्या सुमारे एक किलोमीटरच्या चौकात आहेत आणि सोळा तीन बाहूंवर दूरवर पसरलेल्या आहेत. टोकापासून टोकापर्यंत अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. ४५ मीटरची भरीव तबकडी करावयाची तर लोखंडाचा डोंगर लागला असता आणि वाऱ्याने ती उलथून पडण्याचे भय राहिले असते. स्वरूप ह्यांनी दोरीसारख्या ताणलेल्या तारांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी बसविली. तिच्या भोकांतून वारा निघून जातो. परंतु वीतभर व त्याहून लांब असलेल्या लहरीला ती भोके दिसतच नाहीत, तिला ती जाळी आरशाप्रमाणे भरीव वाटते. गरीब देशाने पैशाची तूट बुद्धीने कशी भरून काढावी ह्याचा इतका सुंदर पाठ आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

एका तबकडीचे एकटीचे काम बेताचेच. २१ सेंटिमीटरच्या लहरीवर तिला आकाशाचा चंद्रबिंबाएवढा तुकडा एकदम दिसतो, त्याच्या आतले काही वेगळे काढता येत नाही. पण तिसांचे बोलणे एकत्र केले म्हणजे जणू २५ किलोमीटर व्यासाचा एकच डोळा होतो, आणि दोन विकलांइतकी बारीक नजर येते. एकत्र करणे म्हणजे नुसती बेरीज नव्हे. आमच्या मैदानावर लेझीमचा संघ खेळतो तेव्हा सारे एका ठेक्यावर वाजले तर आवाज दणदणीत उठतो, आणि प्रत्येकाने आपापल्या लयीने वाजविले तर नुसता कलकलाट होतो. ताऱ्याकडून निघालेली लहर पूर्वेच्या तबकडीस आधी भेटते, पश्चिमेच्या तबकडीस मागाहून. हा मधला विलंब सेकंदाच्या लक्षांश भागांहूनही बारीक मोजून प्रत्येकीचा ठेका जुळवावा लागतो. ठेका एका रीतीने जुळविला की दुर्बीण एका दिशेस पाहते, दुसऱ्या रीतीने जुळविला की तबकडी जागची न हलविता त्या तुकड्यातच दुसऱ्या बिंदूस पाहते.

पूर्वी हे ठेके तारांच्या लांबीने जुळवीत असत. आता ते अंकांनी जुळवितात. ह्यालाच डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग अथवा अंकीय संकेत-संस्करण म्हणतात, आणि आजच्या साऱ्या बिनतारी विद्येचे हे काळीज होय. लहर म्हणजे सतत वर-खाली होणारा विद्युत्‌दाब. ती दर क्षणी किती उंच आहे हे मोजून अंकांची माळ करावयाची. सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीने मोजले की लहरीतील काहीही हरवत नाही, हे नायक्विस्ट आणि शॅनन ह्या दोघा गणितज्ञ इंजिनियरांनी १९२८ ते १९४९ ह्या काळात स्पष्ट केले. खोडदच्या २०१९ साली नव्याने सज्ज झालेल्या यंत्रणेत ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा एकदम घेतात, म्हणून प्रत्येक संकेत सेकंदास ८० कोटी वेळा मोजला जातो. तीस तबकड्या, प्रत्येकीचे दोन संकेत. म्हणजे सेकंदास ४,८०० कोटी अंक! तिसांतील प्रत्येकीची प्रत्येकीशी गाठ घालावयाची म्हणजे ४३५ जोड्या होतात. हे गणित करण्यास लागणारी युक्ती, अंकांच्या माळेतील निरनिराळे सूर झटपट निवडण्याची, कूली आणि ट्युकी ह्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. १,०२४ अंकांच्या माळेस जुन्या रीतीने सुमारे साडेदहा लाख गुणाकार लागत. नव्या रीतीने ते काम सुमारे दहा हजारांच्या घरात येते. ही युक्ती नसती तर खिशातील फोनही नसता, हे सांगितले म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येईल.

आणि येथेच दुर्बीण व दळणवळण ह्यांचे नाते पुन्हा एकदा दिसते. ज्या ऑस्ट्रेलियन संस्थेने कल्याणच्या तबकड्या दिल्या, तिच्यातच जॉन ओ'सलिव्हन नावाचे रेडिओ-ज्योतिषी काम करीत. आकाशातील अस्पष्ट संकेत सुरासुरांत वेगळे करण्याची जी विद्या त्यांनी आपल्या शोधांसाठी घोटली, तीच त्यांनी व सहकाऱ्यांनी पुढे घरातील भिंतींवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींच्या गोंधळातून बिनतारी संदेश वाचविण्यास वापरली. त्यांच्या संस्थेस १९९६ साली अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले, आणि वायफायच्या मुळाशी त्या कामाचा मोठा वाटा आहे. ताऱ्यांकडे पाहून कोणाचे पोट भरत नाही असे म्हणणारे गृहस्थ हे वाक्य बहुधा वायफायवरूनच जगभर पाठवीत असतील.

खोडदने स्वतः काय ऐकले? पुष्कळ ऐकले, दोन गोष्टी सांगतो. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याच्या लहानशा अँटेनाची हाक साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदच्या तबकड्यांनी ऐकली. ती उतरण्याच्या किंचित आधी बंद पडली, आणि काही बिनसले अशी शंका शास्त्रज्ञांस प्रथम ह्या ऐकण्यावरूनच आली. यान खरोखरच आदळले होते. दुसरी गोष्ट जानेवारी २०२३ ची. हायड्रोजन वायूचा अणू २१ सेंटिमीटरची लहर सोडतो. एका अतिदूरच्या दीर्घिकेतून निघालेली अशी लहर सुमारे ८८० कोटी वर्षे प्रवास करून येथे पोहोचली तेव्हा विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरची झाली होती. वाटेत आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाप्रमाणे तीस पट मोठी केली म्हणून ती ऐकू आली. ती निघाली तेव्हा पृथ्वी जन्मासही आलेली नव्हती.

ही ४८ सेंटिमीटरची लहर म्हणजे सुमारे ६२० मेगाहर्ट्झ. वाचकांनी हा आकडा मनात ठेवावा, कारण आमच्या तक्रारीचे मूळ त्यात आहे. आंतरराष्ट्रीय करारांनी १,४०० ते १,४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ज्योतिष्यांसाठी राखून ठेवला आहे. त्यात कोणीही प्रक्षेपण करू नये असा नियम आहे. हायड्रोजनची मूळ लहर त्यात येते. पण जितके दूरचे, जितके पुरातन पाहावे, तितकी लहर त्या राखीव कुंपणाबाहेर जाते. ६२० मेगाहर्ट्झला असे कुंपण नाही. २०२२ च्या लिलावात भारत सरकारने ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल कंपन्यांस विक्रीस ठेवला होता. त्या वेळी कोणी बोली लावली नाही एवढेच. खोडदच्या नव्या यंत्रणेच्या पट्ट्यांत ८५० आणि १,०५० मेगाहर्ट्झ ह्यांच्या दरम्यान एक खिंड सोडलेली आहे. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइललहरी त्याच खिंडीत वावरतात. अशा खिंडी जितक्या वाढतील तितकी विश्वाच्या इतिहासाची पाने आम्ही न वाचताच फाडून टाकू.

ह्यावर एक सुशिक्षित आक्षेप नेहमी येतो, आणि तो आमच्या वरच्या वर्गातील हुशार मुलांनीही घेतला आहे. संगणक इतके प्रबळ झाले असता गोंगाट गाळून टाकता येणार नाही काय? आक्षेप उत्तर देण्याजोगा आहे. काही अंशी गाळता येतो, हे खरे. वीजवाहक तारांवरील ठिणग्यांनी जे क्षणिक तडाखे येतात ते ओळखून वगळण्याची योजना खोडदच्या यंत्रणेत प्रत्यक्ष चालू आहे. परंतु वगळणे म्हणजे भरून काढणे नव्हे. तडाख्याखाली जे आकाशाचे बोलणे दडपले गेले ते कायमचे गेले. शिवाय अंकांत मोजणाऱ्या यंत्राला पायऱ्या ठरावीक असतात, समजा २५६. जवळचा दांडगा संकेत आला आणि त्याची उंची शेवटच्या पायरीच्या वर गेली, तर त्याचा माथा कापला जातो, आणि त्या कापण्यातून असे खोटे सूर उपजतात की जे मुळात नव्हतेच. मग संगणकाने गाळावे तरी काय? डोळ्यांत मिरची गेल्यावर चष्मा पुसून काय उपयोग! सर्वांत वाईट प्रकार मात्र ह्याहून निराळा. जो गोंगाट इतका मंद आहे की क्षणभर पाहता दिसतच नाही, पण तासन् तास संकेत साठवीत गेले म्हणजे आकाशाच्या संकेताबरोबर तोही साठतो, तो पाण्यातील मिठासारखा असतो. कोणत्याही चाळणीने तो वेगळा होत नाही.

असा मंद गोंगाट आता वरून येऊ लागला आहे. २०१९ च्या मे महिन्यात स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकदम सोडण्यात आले. त्यानंतर त्यांची संख्या हजारांत गेली. त्यांच्या अँटेना लेझीमच्या त्याच न्यायाने चालतात. शेकडो बारीक घटकांचा ठेका अंकांनी जुळवून किरण क्षणार्धात एका गावावरून दुसऱ्या गावावर वळवावयाचा. घराच्या छपरावरची पाटीही त्याच रीतीने आकाशात धावणाऱ्या उपग्रहाचा पाठलाग करते. विद्या म्हणून आम्ही तिचे कौतुकच करतो. सह्याद्रीच्या खोऱ्यांत अशी पाड्यावरची शाळा असेल की जेथे तार कधीच पोहोचणार नाही, तेथे ही छपरावरची पाटी देवासारखी धावून येईल. परंतु नेदरलँड्समधील लोफार दुर्बिणीने तपास केला तेव्हा २०२३ साली असे प्रसिद्ध झाले की हे उपग्रह आपल्या कामाच्या लहरींपासून फार दूर, ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या भागात, नकळत गळती करीत आहेत. ही गळती हेतुपुरस्सर प्रक्षेपण नव्हे. आतील विजेच्या यंत्रांची कुरकुर आहे. २०२४ साली नव्या पिढीच्या उपग्रहांची गळती पहिल्यांच्या बत्तीस पटीपर्यंत आढळली. खोडदची दुर्बीण १२० मेगाहर्ट्झपासून वर ऐकते, तेव्हा हा भाग तिच्याच अंगणात येतो. डोंगराने मोबाइलचा मनोरा झाकता येतो. डोक्यावरचा उपग्रह कशाने झाकावा?

खोडदच्या जवळच जुन्नर तालुक्यात आर्वी म्हणून गाव आहे. तेथे १९७१–७२ च्या सुमारास देशातील पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झाले. सुमारे तीस मीटर व्यासाची अँटेना भारतीय इंजिनियरांनी बांधली, आणि ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत भारत परदेशांशी बोलू लागला. डॉ. विक्रम साराभाई डिसेंबर १९७१ मध्ये निवर्तले. त्यांचे नाव त्या केंद्रास दिलेले आहे. टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले होते. आर्वीचीही निवड डोंगरांनी वेढलेल्या शांत खोऱ्यासाठीच झाली होती. तात्पर्य, ह्या खोऱ्याने देशाची सेवा आज पन्नास वर्षांहून अधिक काळ केली आहे. आणि त्या सेवेबद्दल खोऱ्यातील लोकांस काय मिळाले, असा प्रश्न एखाद्या टोमॅटो पिकविणाऱ्याने केला तर त्याला विज्ञानद्रोही म्हणणारे लोक आम्हांस मुळीच रुचत नाहीत.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक दुर्बिणीभोवती १९५८ सालापासून १३,००० चौरस मैलांचे शांत क्षेत्र राखलेले आहे. ऑस्ट्रेलियातील मर्चिसन हा तर जवळजवळ निर्मनुष्य प्रदेश. तेथील नियम जसेच्या तसे येथे आणून चालणार नाहीत. जुन्नरचे खोरे भरवस्तीचे आहे. द्राक्षबागांस पंप लागतात, पंपांस वीज लागते, बाजारभाव कळण्यास फोन लागतो, रात्रीबेरात्री बिबट्या शिवारात आला तर शेजाऱ्यास हाक मारण्यासही फोनच लागतो. दुर्बिणीच्या परिसरात नवे कारखाने उभारण्यास निर्बंध आहेत, म्हणून तेथील तरुण चाकणला व भोसरीला जातो. हे सारे नुकसान आहे आणि ते मोजता येते. जे मोजता येते ते भरूनही देता येते, असे आमचे म्हणणे आहे.

कसे भरून द्यावे? तबकड्यांचे संकेत मध्यवर्ती इमारतीकडे काचतंतूंच्या तारेने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने येतात; त्यातून बाहेर काही सांडत नाही. जेथे बिनतारी मनोऱ्यांवर मर्यादा घालावयाची तेथील प्रत्येक घरी, शाळेत व दवाखान्यात तीच काचतंतूची तार सरकारने आपल्या खर्चाने नेऊन द्यावी. त्याचा वेग मनोऱ्याहून अधिक असतो. मग दुर्बिणीशेजारी राहणे हा शाप न ठरता लाभ ठरेल. दुर्बिणीजवळच्या वीजतारा जमिनीखालून न्याव्या. कारखान्यांस मज्जाव करावयाचा तर फळे-भाज्यांच्या साठवणीचे व प्रक्रियेचे जे धंदे लहरींचा उपद्रव न करता चालविता येतात ते तेथे मुद्दाम आणावे, आणि त्यांच्या यंत्रांची आवरणे तपासून देण्याचे काम दुर्बिणीच्या इंजिनियरांनीच करावे. त्यांच्याइतके जाणते त्या कामास दुसरे कोण मिळणार? रेल्वेविषयी आम्ही एवढेच म्हणू की विजेवर धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्यांचा आक्षेप खरा आहे, परंतु वेगळी वाट धरणाऱ्या खात्याने नारायणगावकरांच्या हाती पर्यायाची योजना तारखेसह ठेवावयास हवी. नुसता नकार देऊन घरी जाणे हा शास्त्राचा मार्ग नव्हे आणि राज्यकारभाराचाही नव्हे.

उपग्रहांच्या बाबतीत तर सरकारचा हात अधिक मोकळा आहे. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला भारतात सेवेचा परवाना देण्यात आला. दुर्बीण ज्या दिशेस पाहत असेल त्या दिशेवरून जाताना उपग्रहाने आपला किरण बाजूस वळवावा किंवा क्षणभर मिटावा, अशी व्यवस्था अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेने त्याच कंपनीशी करून पाहिली आहे. ठेका अंकांनी जुळविणाऱ्या अँटेनास हे मुळीच अवघड नाही. तीच अट येथील प्रत्येक उपग्रह कंपनीच्या परवान्यात खोडद व उटकमंड ह्यांच्या नावानिशी घालावी. नकळत होणारी गळती अशा वळविण्याने थांबत नाही. तिला कारखान्यातच आळा घातला पाहिजे, आणि तेवढ्यासाठी आंतरराष्ट्रीय सभांतून भारताने ठामपणे बोलले पाहिजे. आपला देश आता केवळ उपग्रहांची सेवा विकत घेणारा राहिलेला नाही, तो उपग्रह सोडणाराही आहे. त्याच्या शब्दास वजन आहे. जुन्नरच्या शेतकऱ्याला पंपाच्या ठिणगीबद्दल जाब विचारणारे सरकार परदेशी कंपनीला उपग्रहाच्या कुरकुरीबद्दल जाब विचारीत नसेल, तर त्या शेतकऱ्याने तरी सरकारचे का ऐकावे?

आता आमच्या विद्यार्थ्यांविषयी. जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकत असताना फादर लाफों हे येशुसंघीय गुरू त्यांस पदार्थविज्ञानाचे प्रयोग करून दाखवीत. पुढे १८९५ च्या सुमारास त्याच शहरात बोसांनी बोटाच्या पेराहूनही आखूड अशा रेडिओलहरी उत्पन्न करून दाखविल्या, आणि कर्ण्याच्या आकाराच्या अँटेना योजिल्या. मिशनच्या शाळांस ह्या विषयात परकेपणा वाटण्याचे कारण नाही, म्हणून हे सांगितले. दर वर्षी २८ फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदची दुर्बीण लोकांस पाहावयास खुली असते आणि शाळांचे प्रयोगही तेथे मांडले जातात. जाताना फोन बंद करून ठेवावा लागतो. पालकांनी त्याचा राग मानू नये.

खोडदच्या आसपासच्या गावांतून ज्यांची घरे आहेत अशा मुलांस एक काम आजच करता येईल. जुना ट्रान्झिस्टर रेडिओ मध्यम लहरींवर, जेथे कोणतेच केंद्र लागत नाही अशा जागी लावून संध्याकाळी वीजतारांच्या बाजूच्या रस्त्याने फिरावे. जेथे खरखर एकाएकी वाढते तेथे बहुधा खांबावरील चिनीमातीचा विटा तडकलेला असतो किंवा तारेचा जोड सैल झालेला असतो. तीच ठिणगी दुर्बिणीस त्रास देते, वीज वाया घालविते, आणि उन्हाळ्यात उसास आग लावावयासही कमी करीत नाही. खांबास हात लावू नये, ताण-तारेलाही शिवू नये. खांबाचा क्रमांक वहीत टिपून घ्यावा आणि गावच्या वायरमनच्या हाती चिठ्ठी द्यावी. आठ दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दुसरी चिठ्ठी ग्रामपंचायतीमार्फत द्यावी, आणि तिची नक्कल आपल्यापाशी ठेवावी.